पंधरा अक्षरांचं नाव

आमच्या कॉलेजात समित्यांचं वाटप जूनमधल्या एका बैठकीत होतं आणि जो उशिरा पोचतो त्याला उरलेली समिती मिळते. त्या दिवशी बजाजनगरच्या चौकात मी कंपन्यांच्या बसांमागं अडकलो. पोचलो तोवर सांस्कृतिक समिती गेली होती, सहल समिती गेली होती, वृक्षारोपणसुद्धा कुणीतरी उचललं होतं. उरली होती संगणक समिती. मी मराठी शिकवतो. प्राचार्य म्हणाले, "रामप्रसाद सर, तुमचं टायपिंग चांगलं आहे." या समितीत अध्यक्ष सोडून दुसरा सभासद नाही, त्यामुळं तिचे सगळे निर्णय एकमतानं होतात.

पहिल्याच वर्षी मी एकमतानं ठरवलं की यापुढं टीसी हातानं लिहायची नाही. कॉलेज सोडताना मुलांना जो दाखला मिळतो तो सर्व्हरमधूनच निघेल, त्यावर आपोआप क्रमांक पडेल, कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांचा चौकोन छापला जाईल आणि खाडाखोडीचा प्रश्नच मिटेल. कोऱ्या दाखल्यांची जुनी पुस्तकं मी समोर उभं राहून फाडून घेतली. ऑफिसातल्या दीपमालाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "एखादं तरी असू द्या सर, अडीनडीला." मी त्यांना काळाबरोबर चालण्याविषयी चार वाक्यं ऐकवली. मराठीच्या माणसाला चार वाक्यं कधीही सुचतात.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सव्वादहाच्या सुमाराला दीपमालाबाई स्टाफरूमच्या दारात आल्या.

"सर, काळ बंद पडलाय. चला."

ऑफिसच्या खिडकीबाहेर एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. मुलीला मी ओळखलं. ज्ञानेश्वरी, बारावी सायन्स, मराठीत ब्याऐंशी. वडिलांचं नाव मुंजाबा. खुलताबादच्या पलीकडं त्यांची मेंढरं असतात. ती बायकोच्या हवाली करून दोघं पहाटेच्या एसटीनं निघाले होते, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

"नर्सिंगला नंबर लागलाय हिचा," दीपमालाबाई म्हणाल्या. "आज शेवटचा दिवस. ओरिजिनल टीसी नाही दिली तर सीट खालच्या नंबरच्या पोरीला. त्यात श्रावणी सोमवार, त्यांचं ऑफिस दोनला बंद होतं."

नर्सिंग कॉलेज शहागंजच्या पुढं. आमच्यापासून पाऊण तास, शहागंजात गर्दी असली तर एक तास; आणि शहागंजात गर्दी नाही असं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणजे एकच्या आत कागद हातात पाहिजे.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी मुंजाबांना म्हणालो. काय बिघडलंय हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत नसलं की मी नेहमी दोन मिनिटं सांगतो.

आमचा सर्व्हर खेळाच्या सामानाच्या खोलीत आहे, कारण कुलूप फक्त त्याच खोलीचं धड आहे. लेझमांच्या पेटीला खेटून टेबल, टेबलावर सर्व्हर. रविवारी दुपारी लाईट गेली होती तेव्हा तो बंद पडला होता, आणि आज सकाळी शिपाई कडुबामामांनी बटण दाबून सुरू केला होता. दिवे लागले होते, पंखा फिरत होता. पण पडद्यावर लाल अक्षरात एकच ओळ होती: सेवा सुरू होऊ शकली नाही.

ही सेवा म्हणजे काय, तर खिडकीवरच्या कॉम्प्युटरनं हाक मारली की ती ऐकायची आणि आतल्या नोंदींपर्यंत पोचवायची. बाकी काही नाही. तिला लिसनर म्हणतात, म्हणजे श्रोता. पंचवीस वर्षं वर्गात बोलतोय, मला स्वतःला अजून एकही लाभलेला नाही, त्यामुळं मला तिच्याबद्दल पहिल्यापासून आदर होता.

मी 'सुरू करा' दाबलं. हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत सरकली, थांबली, लाल ओळ आली. पुन्हा दाबलं. मग थोडं जोरात दाबलं. माउसवर जोर दिल्यानं आत काही फरक पडत नाही हे मला बौद्धिक पातळीवर मान्य आहे.

"सर, वायर काढून फुकू का?" कडुबामामा म्हणाले. "आमच्या टीव्हीला लागू पडतं."

आम्ही वायर काढून फुंकली. दुसरी काढून तीही फुंकली. सर्व्हर बंद केला, मनात शंभर आकडे मोजले, सुरू केला. पाठीमागं उंदरानं काही कुरतडलंय का हे पाहायला मी टेबलाखाली गेलो आणि बाहेर येताना डोकं टेबलाला आपटलं. कडुबामामांनी मला सोडून आधी सर्व्हर हलला का ते पाहिलं. यात साडेअकरा झाले. मधे एकदा ज्ञानेश्वरी दारात येऊन गेली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. ते घड्याळ दोन वर्षांपासून बंद आहे. मला त्याचा त्या क्षणी मोठा आधार वाटला.

शेवटी मी प्रेरणा मॅडमना फोन लावला. आमची सगळी यंत्रणा बसवली ती त्यांनी. पहिली चूक मी इथं केली असं नाही, पण फोन सव्वादहाला करण्यासारखा होता आणि मी तो पावणेबाराला केला, कारण तोवर अध्यक्षांची शान राखायची होती.

"सर, मी वेरूळला आहे, घृष्णेश्वराच्या रांगेत," त्या म्हणाल्या. मागं घंटा, गलका, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. "आत मोबाईल नेऊ देत नाहीत. काउंटर आला की जमा करावा लागेल. माझ्यापुढं तीसेक माणसं आहेत. पटापट सांगा."

मी फोन स्पीकरवर टाकला. खोलीत दीपमालाबाई होत्या, कडुबामामा होते, आणि मुंजाबा नि ज्ञानेश्वरीही दाराशी येऊन उभे राहिले होते.

"मशीनवर कुणी काही बदल केला का?" त्यांनी विचारलं.

"छे," मी म्हणालो.

"शनिवारी सर पाचपर्यंत इथंच होते की," दीपमालाबाई म्हणाल्या.

"ती पाहणी होती."

"बरं. आता लिसनरची नोंदवही उघडा." त्यांनी ती कुठं असते ते सांगितलं, मी फोल्डरमागून फोल्डर उघडत गेलो. "सगळ्यात खालची ओळ वाचा."

मी खालची ओळ पाहिली. इंग्रजीत लिहिलं होतं की 'aurangabad-main' या नावाचं मशीन सापडत नाही.

शनिवारचं सगळं मला त्याच वेळी आठवलं. शुक्रवारी वरून पत्र आलं होतं: शहराचं नाव बदलल्याला इतका काळ लोटला, तरी काही संस्थांच्या इलेक्ट्रॉनिक अभिलेखांत जुनंच नाव दिसतं, तरी तत्काळ दुरुस्ती करून अहवाल द्यावा. शनिवारी मी यादी घेऊन कॉलेजभर फिरलो. लेटरहेड झालं, वेबसाइट झाली, हजेरीचा तक्ता झाला. सगळ्यात शेवटी सर्व्हरवर आलो आणि माझ्या लक्षात आलं की या यंत्राचं स्वतःचंच नाव जुनं आहे. बसवताना प्रेरणा मॅडमनी ठेवलेलं. याकडं आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. माझं गेलं.

नवं नाव पूर्ण लिहिलं तर यंत्र घेईना. पंधराच्या वर अक्षरं चालत नाहीत म्हणे. नुसतं 'sambhajinagar' तेरात बसत होतं, पण महाराजांचं नाव असं बिरुदाशिवाय टाकणं माझ्या जिवाला पटेना. 'ch' आणि मधे आडवी रेघ घेतली तर सोळा. मी वृत्तं शिकवतो. एक अक्षर जास्त झालं की कवी काय करतात ते मला ठाऊक आहे. रेघ काढली. 'chsambhajinagar'. पंधरा. इतक्या बरोबर बसलेल्या ओळीबद्दल मी स्वतःलाच मनात दाद दिली. यंत्रानं विचारलं, बदल लागू करण्यासाठी आता रिस्टार्ट करू की नंतर? पाच वाजले होते, कडुबामामा किल्ल्या वाजवत उभे होते. मी 'नंतर' दाबलं आणि अहवालात लिहिलं: अंमलबजावणी शंभर टक्के. रविवारी कॉलेजच्या ग्रुपवर प्राचार्यांनी माझं अभिनंदन केलं, त्याखाली एकवीस अंगठे आले. मी ते मोजले होते.

आणि रविवारीच लाईट गेली; आज सकाळी बटण दाबलं तसं नवं नाव लागू झालं.

"सर, वाचा ना," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. "दहा माणसं राहिली."

"कुठलंसं मशीन सापडत नाही, असं म्हणतंय."

"कुठलं?"

"ते नीट दिसत नाहीये."

मजकूर चांगला ठसठशीत काळा होता. छापील अक्षर नीट दिसत नाही असं म्हणणारा मराठीचा शिक्षक मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"म्हणजे नेटवर्क कार्ड गेलं असेल. उद्या माणूस पाठवते," त्या म्हणाल्या, आणि काउंटरवाल्याचा "मोबाईल बंद करा ताई" असा आवाज येऊन फोन तुटला.

'उद्या' हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. ज्ञानेश्वरीनं हातातली प्लॅस्टिकची फाईल उगाच उघडली आणि मिटली. आत दहावीचं, बारावीचं, जातीचं, उत्पन्नाचं असे सगळे कागद ओळीनं लावलेले होते. एका कप्प्यात काही नव्हतं.

"आबा, चला," ती म्हणाली.

मुंजाबा हलले नाहीत. ते मला म्हणाले, "सर, ह्या मशीनला नेमकं झालं काय? घरी हिच्या आईला, आक्काबाईला सांगावं लागंल. ती इचारंल, आन मला नीट सांगता येनार नाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी निभावून नेलं असतं, टोमण्यांची मला स्टाफरूमची सवय आहे. हा माणूस खरंच कारण विचारत होता, कारण त्याला ते घरी न्यायचं होतं. मी 'सर्व्हर', 'कार्ड', 'नेटवर्क' असे तीन शब्द जुळवून पाहिले. बायकोला सांगण्यासारखं वाक्य त्यातून होईना.

"मी शनिवारी त्याचं नाव बदललं," मी म्हणालो. "आतली सेवा जुन्या नावानं शोधतेय. त्या नावाचं आता कुणी नाही."

दीपमालाबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, ते मी न पाहायचं ठरवलं.

मुंजाबांनी मात्र मान हलवली. जणू आता कुठं काहीतरी कळण्यासारखं बोललं गेलं. "असं व्हय. मंग हे घरचंच हाये. आमच्या लग्नात आक्काबाईचं नाव बदललं, चाल हाये ना. ताटात तांदूळ पसरून त्याच्यावर लिवलं रुक्मिन. सासू हाका मारायची, रुक्मिन, ए रुक्मिन. ही आपली बसलेली. आठ दिस तिला वाटायचं, असंल कुनी दुसरी. लई शिव्या खाल्ल्या बिचारीनं."

"मग?" कडुबामामांनी विचारलं. सर्व्हरपेक्षा त्यांना यात रस होता.

"मंग काय. म्हातारी म्हनली, दोन्हीनं हाका मारा, ज्याला ओ दिल ते खरं. आता दोन्हीला देती."

मी खुर्चीवर बसलो. यंत्राला दोन नावांना ओ द्यायला लावता येतं, असं प्रेरणा मॅडम मागं एकदा बोलल्याचं आठवत होतं. कसं, ते आठवत नव्हतं. तेव्हा मी मान डोलावली होती. मला कळलेलं नसलं की मी मान जरा जास्त डोलावतो.

"मॅडमचा फोन आता दोन तास लागायचा नाही," दीपमालाबाई म्हणाल्या. साडेबारा होत आले होते.

"फकिरा हाये की तिथं," मुंजाबा म्हणाले. "आमचा भाचा. मंदिरापुढं बेल इकतो सोमवारचा. लाव गं त्याला."

ज्ञानेश्वरीनं फोन लावला आणि प्रेरणा मॅडम कशा दिसतात ते आम्ही सांगितलं: चष्मा, बॉबकट, उंच. फकिरा फोन घेऊन निघाला. आम्हाला फक्त ऐकू येत होतं. "प्रेरना म्याडम कोन हायेत? कालिजातून फोन हाये." मग बराच वेळ नुसती गर्दी. मग पुन्हा त्याचा आवाज, "घावल्या मामा. पन त्या बॅरिकेटच्या आत गेल्यात आन शिपाई फोन आत दिऊ देत नाय. मी भाईरून इचारतो, तुमी बोला."

"त्यांना सांग," मी हळूच म्हणालो, "की मशीनचं नाव बदललं गेलंय."

"कुनी बदललं, इचारतेत."

"त्याला काही महत्त्व नाही."

थोडा वेळ गेला. "म्याडम म्हनतेत, ते कळल्याबिगर सांगता येनार नाय. कुनी, कवा, काय नाव ठिवलं."

त्यांना नावच हवं होतं, आणि ते ठेवलं कुणी हे उगाच विचारलेलं होतं, असं मला आजही वाटतं. पण बारा चाळीस झाले होते.

"मी बदललं. शनिवारी."

आणि वेरूळच्या बॅरिकेडबाहेरून, श्रावणी सोमवारच्या त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, फकिरा ओरडला, "म्याडम, सर म्हनतेत त्यांनीच बदललं. शनिवारी." पलीकडं कुणीतरी विचारलं, "काय बदललं?" दुसरं कुणीतरी म्हणालं, "कुनीतरी सर हायेत, त्यांनी कायतरी बदललं." एक बाई म्हणाली, "अरारा." तिला काय समजलं होतं कोण जाणे, पण तिला माझ्याबद्दल वाईट वाटलं, हे फोनवरूनही कळत होतं.

यानंतर मॅडम सांगत गेल्या, फकिरा ओरडत गेला आणि मी करत गेलो. 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाईल असते, ती अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची. तिच्या तळाला एक ओळ घालायची: आधी यंत्राचा आकडा, मग थोडी मोकळी जागा, मग जुनं नाव.

"एकशे ब्यान्नव, टिंब," फकिरा म्हणाला. "एकशे अडुसट, टिंब. एक, टिंब. धा. म्होरं रिकामी जागा सोडा. दादा, बेल धाला एक जुडी. नाय, ते तुम्हाला नाय सर, धा लिवलं का?"

"लिहिलं."

"आन फाईल ठिवताना नावामागं टीएक्सटी लागू दिऊ नका म्हनतेत. मागल्या टायमाला तुमी लावला होता म्हनतेत."

मी ते लागू दिलं नाही. म्हणजे पहिल्यांदा लागू दिलं, मग ज्ञानेश्वरीनं मागून बोट दाखवलं, मग काढलं.

'सुरू करा' दाबलं. हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत आली, थांबली. मी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. पट्टी पुढं सरकली आणि लाल ओळ गेली.

"ओ दिली का?" मुंजाबांनी विचारलं.

"दिली," कडुबामामा म्हणाले.

दीपमालाबाई पळतच खिडकीवर गेल्या. टीसी छापून निघाली, प्राचार्यांची सही झाली, शिक्का झाला, तेव्हा एक वाजून सहा मिनिटं झाली होती. रिक्षा शोधण्यात पंधरा मिनिटं गेली असती. मी गाडीची किल्ली घेतली आणि दोघांना म्हणालो, "बसा." यात मोठेपणा नव्हता. त्या खोलीत दीपमालाबाईंबरोबर एकटं राहण्याची माझी तयारी नव्हती.

वाळूजपासून बाबा पेट्रोल पंपापर्यंत मी कधी चालवली नव्हती तशी गाडी चालवली. शहागंजात आलो तर पुढं केळ्यांचा गाडा, त्याच्यापुढं टेम्पो, टेम्पोपुढं आणखी एक टेम्पो, जो मागं येत होता. दोनला नऊ मिनिटं कमी असताना ज्ञानेश्वरी म्हणाली, "सर, मी पळत जाते." दार उघडून ती उतरलीसुद्धा. फाईल छातीशी धरून ती दोन गाड्यांच्या मधून गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही दोघं काचेतून टेम्पोची पाठ पाहत बसलो. मुंजाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते जराही हलत नव्हते.

आम्ही नर्सिंग कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ज्ञानेश्वरी पायरीवर बसली होती. धापा अजून थांबल्या नव्हत्या. तिनं वडिलांच्या हातात एक चिठ्ठी दिली. पोचपावती होती, तिच्यावर गोल शिक्का होता. मुंजाबांना वाचता येत नाही. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला, शाई ओली आहे का पाहिलं, आणि मग ती घडी न घालता खिशात ठेवली.

मी म्हणालो, "माफ करा. माझ्यामुळं तुमची सकाळ गेली. सीटही गेली असती."

"चूक झाली खरी," मुंजाबा म्हणाले. "पन तुमी सांगितली, सर. हिच्या जातीच्या दाखल्यात आडनाव चुकलं होतं, त्या पायी मी चार हापिसं फिरलो. चारी ठिकानी चूक कुनाचीच नव्हती. तुमी पैले भेटले."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. फार बरं वाटलं. इतकं की दोघांना स्टँडवर सोडतो असं म्हणून मी पुन्हा गाडी काढली आणि वाटेत प्रामाणिकपणावर एखादा छोटासा लेख कसा लिहिता येईल याचा विचार करू लागलो. सुरुवातीची चार वाक्यं तयारही झाली होती.

तेवढ्यात दीपमालाबाईंचा फोन आला. गाडी चालवत होतो म्हणून स्पीकरवर घेतला.

"सर, प्राचार्य विचारतायत, सकाळी तीन तास काम का बंद होतं. लेखी द्यायचंय. काय लिहू?"

"लिहा ना," मी म्हणालो, "तांत्रिक बिघाड."

"कुणाचा, ते लिहू की नको?"

मी म्हणालो की नुसतं तांत्रिक बिघाड लिहिलं तरी चालतं, तशीच पद्धत आहे. मागच्या सीटवर ज्ञानेश्वरी खोकली. मुंजाबा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. काच थोडी खाली केली आणि स्टँड येईपर्यंत बाहेर बघत राहिले.